आपण हरलो म्हणजे नक्की कोण हरलं?

मध्यंतरी ऑफिसमधल्या एकाने सहज विचारलं, "तू आर्सेनलचाच फॅन का रे? एवढे क्लब पडलेत जगात, त्यातला हाच का?" आणि मी जो सुरू झालो तो दहा मिनिटं थांबलोच नाही. लंडनच्या या क्लबचा तेव्हाचा कोच वेंगर, त्याचा फुटबॉल, पोरासोरांवर विश्वास टाकायची पद्धत, २००३-०४ चा तो सीझन ज्यात लीगच्या ३८ मॅचमध्ये एकही हार नाही, २६ जिंकल्या आणि १२ बरोबरीत, मग तीच मालिका पुढे ४९ मॅचपर्यंत गेली, वगैरे वगैरे. तो बिचारा मान डोलवत होता आणि मला मात्र आतून कळत होतं की आपण चक्क थापा मारतोय. म्हणजे जे सांगत होतो ते सगळं खरंच होतं, फक्त ते कारण नव्हतं. २००४ साली मला ऑफसाइड म्हणजे काय हे पण माहीत नव्हतं. तो सीझन मी पाहिलेलाच नाही, नंतर कधीतरी क्लिपा बघून बघून तो "आठवायला" लागलो.

खरं कारण सांगायला जरा लाज वाटते. खरं कारण माझा मावसभाऊ.

१७ मे २००६, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल, पॅरिसला, बार्सिलोना विरुद्ध आर्सेनल. मी बारा वर्षांचा, सुट्टीत मावशीकडे राहायला गेलेलो, दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. घरात सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज जवळजवळ बंद, रिमोट दादाच्या हातात. मला दोन्हीपैकी एकाही टीमबद्दल काडीचं काही माहीत नव्हतं. दादा बार्साचा. त्याच्या खोलीत बार्साच्या रोनाल्डिन्होचं मोठं पोस्टर होतं, तो बोलायचाही रोनाल्डिन्होबद्दलच, आणि त्या वयात दादाला जे आवडतं त्याच्या विरुद्ध काहीतरी आवडवून घेणं हे माझं मुख्य काम होतं. म्हणून मी म्हणलं, मग मी समोरचे.

तर "समोरच्यां"चा गोलकीपर लेमान अठराव्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन बाहेर. चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये तोपर्यंत कोणालाच रेड कार्ड मिळालेलं नव्हतं, हा पहिला. दुसरा गोलकीपर आत आणायचा तर कोणीतरी बाहेर जाणार, म्हणून पिरेस या खेळाडूला बाहेर काढलं, आणि ती त्याची आर्सेनलकडून शेवटची मॅच ठरली, अठरा मिनिटांची. हे अर्थात मला फार नंतर कळलं. त्या रात्री फक्त एवढं दिसत होतं की एक माणूस कमी झालाय आणि दादा खदाखदा हसतोय. आणि मग सदतिसाव्या मिनिटाला ऑन्रीची फ्री किक, सोल कॅम्पबेलचं डोकं, गोल! दहा जणांनी गोल केला! मी उशी तोंडात धरून ओरडलो. पुढचा जवळजवळ पाऊण तास, मध्ये पाऊस सुरू झालेला, ते दहा जण तो एक गोल सांभाळत होते, आणि मी त्यांच्यासोबत सांभाळत होतो, अगदी पोट आत ओढून. मग शहात्तराव्या मिनिटाला बार्साच्या एटोचा गोल, चार-पाच मिनिटांनी बेलेट्टीचा. संपलं. २-१.

झोप लागली नाही. सकाळी दादा काहीतरी चिडवायला आला तेव्हा मी म्हणालो, "आमच्याकडे एक माणूस कमी होता." आमच्याकडे. रात्री "समोरचे" होते, सकाळी "आम्ही" झाले, आणि हे नेमकं कितव्या मिनिटाला घडलं ते मला आजही सांगता येत नाही. बाकी सगळी कारणं, वेंगर, ते ४९ सामने, आर्सेनलचं हायबरीचं जुनं स्टेडियम, ही मी त्यानंतर जमवली. आधी जीव गुंतला आणि मग त्याला शोभतील अशी कारणं शोधत बसलो. माझी शंका अशी आहे की बहुतेकांचं असंच असतं, फक्त कबूल कोणी करत नाही.

आता ज्यांना निवडायचं कामच पडत नाही अशी माणसं आहेत, आणि मला त्यांचा हेवा वाटतो हे सांगून टाकतो. बापाचा क्लब तोच पोराचा, विषय संपला. पण त्यातही गंमत आहे. लिव्हरपूल शहरात एकाच घरात एक भाऊ एव्हर्टनचा आणि एक लिव्हरपूलचा असं सर्रास असतं, आणि या दोन क्लबांचा जन्म बघितला तर हसूच येतं. अॅनफील्ड हे मूळचं एव्हर्टनचं मैदान. भाड्यावरून आणि बाकी कशाकशावरून जागेवाल्याशी, जॉन हाउल्डिंगशी, वाजलं आणि १८९२ मध्ये एव्हर्टनवाले उठून गुडिसन पार्कला गेले. हाउल्डिंगकडे उरलं रिकामं मैदान. रिकाम्या मैदानाचं करायचं काय, तर नवीन क्लब काढला, लिव्हरपूल. म्हणजे आज जगभरात जी माणसं छातीवर लिव्हरपूलच्या लोगोतला तो पक्षी गोंदवून फिरतात त्यांच्या भक्तीच्या मुळाशी एक मालक-भाडेकरूचं भांडण आहे. वाईट नाहीये हां हे. उलट मला बरं वाटतं, माझंच कारण फालतू आहे असं नाही.

पण मुळाशी काहीही असो, वर जे उगवतं ते फालतू नसतं. युनियन बर्लिनचं घ्या. पूर्व बर्लिनमधला क्लब, कायम कडकी. २००८ मध्ये स्टेडियम दुरुस्त करायला पैसे नव्हते तर दोन हजारांहून जास्त फॅन स्वतः हेल्मेट घालून आले आणि महिनोन्‌महिने फुकट राबून पायऱ्या बांधल्या. त्यानंतर २०१९ मध्ये हा क्लब पहिल्यांदा बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचला, पहिली मॅच घरच्या मैदानावर, आणि त्या दिवशी फॅन्सनी मोठे मोठे फोटो आणले होते, चारशेहून जास्त, आपापल्या गेलेल्या माणसांचे. बाप, आजोबा, मित्र. जे आयुष्यभर त्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि हा दिवस बघायला उरले नाहीत ते. फोटो वर धरून सगळे उभे. मॅच ०-४ हरले, लाइपझिगकडून. पण त्या मॅचचा स्कोर कोणाला विचारायचाय.

नेपल्सलाही असंच. १९८७ मध्ये माराडोनाच्या नापोलीने पहिल्यांदा इटलीची लीग जिंकली. शहर रस्त्यावर आलं ते आलंच, पण कोणीतरी जाऊन कब्रस्तानाच्या भिंतीवर लिहून ठेवलं, तुम्ही काय मुकलात ते तुम्हाला माहीत नाही. हे वाचलं की मला दरवेळी गलबलून येतं, आणि माझा नापोलीशी काडीचा संबंध नाही. तिथे क्लब निवडणं म्हणजे आडनाव निवडण्यासारखं आहे, तो चॉइस नसतोच. मेलेल्यांना सुद्धा निकाल कळवायचा असतो.

पण आपण बाकीचे? जे हजारो मैल लांब, ज्यांच्या बापाने कधी फुटबॉल बघितला नाही, ज्यांना ते स्टेडियम फक्त स्क्रीनवर दिसतं? आमच्यासाठी पहिलं कारण बहुतेक वेळा असतं टीव्ही, आणि टीव्हीवर दिसतो जिंकणारा. कोणत्याही परक्या फॅनला त्याचं वय विचारा आणि त्याचा क्लब ओळखायचा प्रयत्न करा, बऱ्याचदा जमतं. नव्वदीत शाळेत असलेला मँचेस्टर युनायटेडचा निघतो, आणि त्यातही १९९९ ची ती फायनल बघितलेला असेल, बायर्न विरुद्ध नव्वद मिनिटं संपेपर्यंत ०-१ आणि मग इंज्युरी टाइममध्ये शेरिंगहॅम आणि सोल्शायर, तर मग तो जन्मभराचा गेला. २००५ ला जागा राहिलेला लिव्हरपूलचा, इस्तंबूलला हाफ टाइमला ०-३ आणि मग सहा मिनिटांत तीन गोल, पेनल्टीवर विजय. त्यानंतरचे चेल्सीचे, मग मँचेस्टर सिटीचे. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं आहे, कोणत्या वर्षी पाऊस चांगला झाला ते फॅनांवरून कळतं.

याला लोक नाक मुरडतात, ग्लोरी हंटर म्हणतात. मी पण म्हणायचो. पण दहा वर्षांच्या पोराने हरणारी टीम का निवडावी हे मला कोणी सांगा! जिंकणाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की आपल्यावर पण थोडा उजेड पडतो, एवढं त्याला समजतं. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७६ मध्ये यावरचा एक अभ्यास आलेला, तो फुटबॉल म्हणजे त्यांचा हातात धरून पळायचा, पण मुद्दा तोच. युनिव्हर्सिटीची टीम शनिवारी जिंकली की सोमवारी वर्गात युनिव्हर्सिटीचं नाव असलेले कपडे घालून येणारी पोरं वाढायची. आणि फोन करून मॅचबद्दल विचारलं तर जिंकलेल्या मॅचला "आम्ही" जास्त, हरलेल्या मॅचला "ते" जास्त.

इंग्रजीत हे "आम्ही" आणि "ते" असं दोनातच आटपतं. मराठीत मला वाटतं आपण अजून बारीक पकडलेलं आहे. आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे. आर्सेनल हरली की मी दादाला सांगतो "आम्ही हरलो", आणि दुसऱ्या आर्सेनलवाल्याला फोन करून म्हणतो "आपण हरलो". ठरवून नाही, आपोआप येतं तोंडात. "आम्ही"मध्ये थोडी ताठ मान असते, तुझ्यासमोर कबूल करतोय पण तू बाहेरचा. "आपण"मध्ये मात्र चल जरा रडून घेऊ असा भाव. मला तर वाटतं माणूस नक्की कधी फॅन झाला हे शोधायचं असेल तर त्याने पहिल्यांदा हरल्यावर "आपण" कधी म्हणलं ते शोधावं. जिंकल्यावर तर काय, सगळेच आपण.

बरं, जिंकणारी टीम हे निदान कारण तरी आहे. मी गोळा केलेली कारणं याहून थोर आहेत. एक मैत्रीण यूव्हेंटसची, का तर काळे-पांढरे पट्टे आवडले. (त्या पट्ट्यांची पण कथाच आहे. यूव्हेंटस आधी गुलाबी शर्टात खेळायचे, ते धुऊन धुऊन विटायचे म्हणून १९०३ मध्ये इंग्लंडहून नवीन शर्ट मागवले, नॉटिंगहॅममधून आले ते नॉट्स काउंटीचे काळे-पांढरे. ते पट्टे राहिले ते राहिलेच. म्हणजे इटलीतल्या सगळ्यात जास्त लीग जिंकलेल्या क्लबचा रंग हा एक पार्सल आहे.) कॉलेजमधला एकजण लिव्हरपूलचा झाला तो व्हिडिओ गेममधून, आणि त्या गेमकडे लायसन्स नव्हतं म्हणून क्लबचं नाव होतं "मर्सीसाइड रेड". पठ्ठ्याला दोन वर्षं खरंच वाटत होतं की असा क्लब आहे. आर्सेनल होती "नॉर्थ लंडन". अजून एकाला फक्त गोलकीपर आवडला. एकाने डोळे मिटून लिस्टवर बोट ठेवलं, आणि त्याचा तो क्लब पुढे दोनदा रिलेगेट झाला, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलला गेला, तो अजून तिथेच आहे.

आणि याला हसायचं कारण नाही कारण माणूस मुळातच असा चिकटतो. हेन्री ताजफेलचा ब्रिस्टलमधला जुना प्रयोग आहे, चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरांवरचा. पोरांना चित्रं दाखवली, क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची, आणि मग प्रत्येकाला सांगितलं तू क्ले गटातला, तू कँडिन्स्की गटातला. खरं तर वाटणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी, आवडीनिवडीशी संबंधच नाही. आपल्या गटात अजून कोण आहे ते पण माहीत नाही. मग पैसे वाटायला दिले, तर पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, इतकंच नाही, दोघांनाही जास्त मिळेल असा पर्याय समोर असताना बऱ्याच जणांनी आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे असा पर्याय घेतला. कँडिन्स्कीसाठी! ज्याचं चित्र धड उभं आहे की आडवं हे पण कळत नाही. तिथे आमचा तर शर्ट आहे, लोगो आहे, शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आम्ही चिकटणार नाही तर काय.

विरोधातून निवडणं, म्हणजे माझ्यासारखं, हे पण काही कमी नाही. मोठ्या प्रमाणावर बघायचं तर स्कॉटलंडमधलं ग्लासगो. सेल्टिक १८८७ मध्ये स्थापन झाला तो शहरातल्या गरीब आयरिश कॅथलिक वस्तीला मदत म्हणून पैसे उभे करायला. समोर रेंजर्स प्रोटेस्टंटांचा, आणि ते इतकं टोकाला की १९८९ मध्ये रेंजर्सने मो जॉन्स्टन हा कॅथलिक खेळाडू घेतला, तोही आधी सेल्टिककडून खेळलेला, तर काही फॅन्सनी स्कार्फ जाळले. अशा ठिकाणी तू कोणाचा या प्रश्नाचा फुटबॉलशी संबंध किती आणि बाकीच्याशी किती हे वेगळं करताच येत नाही. त्यापुढे दादाच्या रोनाल्डिन्होवर खार खाऊन आर्सेनल निवडणं म्हणजे अगदीच बालवाडी. पण जातकुळी तीच, हे मान्य करायला पाहिजे. आपण कोण नाही आहोत हे आधी ठरतं.

तर मला हल्ली असं वाटायला लागलंय की "का निवडलास" हा प्रश्नच चुकीच्या टोकाला धरलेला आहे. सुरुवात कशीही होते, ती सोडा. विचारायचं ते हे की सोडला का नाहीस.

कारण सोडायच्या संधी भरपूर आल्या. मी आलो २००६ मध्ये, म्हणजे जेवण संपून पत्रावळी उचलायच्या वेळेला. ते ४९ सामनेवाले एकेक करून निघून गेले, ऑन्री २००७ ला गेला, तोही बार्सिलोनाला, दादाने त्या दिवशी मला तीनदा फोन केला. फेब्रुवारी २०११, लीग कपची फायनल, बर्मिंगहॅमसारखी टीम, एकोणनव्वदाव्या मिनिटाला आमचा डिफेंडर आणि गोलकीपर एकमेकांना "तू घे, तू घे" करत राहिले आणि समोरच्याने बॉल रिकाम्या जाळ्यात ढकलला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ८-२ हरलो. आठ. हा फुटबॉलचा स्कोर नसतो. सहाव्या गोलनंतर मी टीव्ही बंद केला, पाच मिनिटांनी परत लावला, का ते विचारू नका. मग पुढच्या वर्षी व्हॅन पर्सी आमचा कॅप्टन उठून थेट युनायटेडला गेला, २६ गोल मारून त्यांना लीग जिंकून दिली, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये आमच्याच मैदानावर आमच्याच पोरांना दोन रांगा करून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत उभं राहावं लागलं. पहिली ट्रॉफी बघायला मला २०१४ उजाडलं, एफए कप, हल सिटी विरुद्ध, आणि ती पण सुखासुखी नाही, आठ मिनिटांत ०-२ मागे, शेवटी एक्स्ट्रा टाइममध्ये १०९ व्या मिनिटाला रॅम्झीने गोल मारला तेव्हा मी घरात एकटाच होतो आणि कोणाला मिठी मारावी कळेना म्हणून दाराला मारली. त्यानंतरचं तर ताजंच आहे. २०२२-२३ मध्ये २४८ दिवस पहिल्या नंबरवर राहून दुसरे. २०२४ ला दुसरे. २०२५ ला दुसरे. एखाद्याला सलग तीन वर्षं रनर-अप राहायला पण एक प्रकारचं टॅलेंट लागतं.

या सगळ्यात कुठेही मला दुसरा क्लब धरायला कोणी अडवलं नव्हतं. ना घरचे, ना शेजारी, ना कब्रस्तानातले आजोबा. रिमोट हातात होता. आणि तरी ते शक्यच नव्हतं, आणि ते का शक्य नव्हतं हे मला नीट सांगता येत नाही. जवळात जवळचं सांगायचं तर, दुसरा क्लब धरला असता तर त्या उशी तोंडात धरलेल्या पोराला एकट्याला टीव्हीसमोर बसवून आपण निघून आलो असं वाटलं असतं.

कधीकधी तर क्लबच फॅनला सोडून जातो. विम्बल्डन. १९८८ ला लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला लंडनमधला छोटा क्लब, त्याच्या मालकांनी ठरवलं की क्लब मिल्टन कीन्सला न्यायचा, नव्वद-एक किलोमीटर लांब. २००२ मध्ये परवानगी पण मिळाली. फॅन्सनी काय केलं, तर काही आठवड्यांत स्वतःचा नवीन क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, उघड्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी ठेवली, दोनशेहून जास्त जण आले, आणि कितीतरी पायऱ्या खालच्या लीगमध्ये सुरुवात करून नऊ वर्षांत, २०११ ला, वर फुटबॉल लीगमध्ये पोचले. २०२० मध्ये आपल्या जुन्या रस्त्यावर, प्लाउ लेनला, नवीन स्टेडियम बांधून परत गेले. आता यात क्लब कोणता धरायचा? खेळाडू, करार, लीगमधली जागा सगळं मिल्टन कीन्सला गेलं. इकडे नुसती माणसं उरली होती, आणि क्लब तरी दुसरं काय असतो.

दादाचं प्रकरण याच्या उलटं. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सीने रडत रडत बार्सिलोना सोडली आणि पॅरिसला गेला. दादा दोन दिवस कोणाशी नीट बोलत नव्हता. मग म्हणाला, मी माणसाच्या बाजूचा, आता पॅरिस. मी काही बोललो नाही, आश्चर्य म्हणजे चिडवावंसं पण वाटलं नाही. दोनेक महिने त्याने प्रामाणिकपणे पॅरिसच्या मॅच बघितल्या. मग एकदा रात्री मेसेज आला, "काही होतच नाही रे. गोल मारला त्याने, छान वाटलं, पण पोटात काही हललं नाही. तिकडे आपली पोरं रायो व्हायेकानोकडून हरली तर जेवण गेलं नाही." आपली पोरं म्हणाला. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आता खरा फॅन कोण आणि प्लास्टिक, म्हणजे नकली, कोण यावर तासन्‌तास भांडणारे लोक असतात, आणि लांबून बघणारे आपण त्यांच्या दृष्टीने कायम प्लास्टिकच. मला पूर्वी याचा राग यायचा. मग आर्सेनलचाच इतिहास वाचला तर हा क्लब १८८६ मध्ये सुरू केला वूलिचच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी, दक्षिण लंडनला, थेम्सच्या पलीकडे. लाल रंग सुद्धा नॉटिंगहॅम फॉरेस्टने पाठवलेल्या शर्टांचा. मैदानावर गर्दी होईना म्हणून १९१३ मध्ये सगळं बिऱ्हाड उचलून उत्तरेला हायबरीला आले, टॉटनहॅमच्या अगदी दाराशी, आणि टॉटनहॅमवाले अजून त्याबद्दल कुरकुरतात. म्हणजे आमचा क्लबच तिथला नाही! गिऱ्हाईक शोधत नदी ओलांडून आलेला. मी काय अजून थोडे समुद्र ओलांडले एवढंच.

तर हे सगळं डोक्यात असताना गेल्या रविवारी दादाला फोन केला. म्हणलं, इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही, तू बार्साच का धरलीस?

"तुझ्यामुळे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. ती पॅरिसची फायनल. तू आल्या आल्या आर्सेनल आर्सेनल करत होतास, तुला कोणीतरी शाळेत काहीतरी सांगितलं होतं. मग मी म्हणलं ठीक आहे, मी समोरचे."

मी म्हणलं दादा काहीही बोलू नको, तुझ्या खोलीत पोस्टर होतं. तर म्हणाला पोस्टर नंतर लावलं, जूनमध्ये, वर्ल्ड कपला, आणि ते बार्साचं नव्हतंच, ब्राझीलचं होतं, पिवळी जर्सी. आणि खरं सांगतो, तो पिवळी म्हणाला आणि मला पिवळी दिसली. इतकी वर्षं मी त्या भिंतीवर निळे-लाल पट्टे बघत होतो. मी शाळेतलं आठवून बघितलं, कोण काय सांगितलं असेल, काही आठवेना. तू मेस्सीमुळे बार्साचा झालास असं तू स्वतःच सांगायचास, मी म्हणलं. तो म्हणाला हो, ते लोकांना सांगायला बरं पडतं. मेस्सी तर त्या फायनलला खेळलाच नव्हता.

शेवटी मावशीला फोन दिला, म्हणलं साक्षीदार तीच. तिला ना बार्सिलोना माहीत ना आर्सेनल. ती म्हणाली, "मला बाई एवढंच आठवतंय की सकाळी उठून बघते तर रिमोटचे दोन तुकडे. आणि दोघंही म्हणत होतात त्याने फोडला."

मागून दादा ओरडला, यानेच फोडला, तो दुसरा गोल झाला तेव्हा! अर्धा तास त्यावर भांडलो. फायनलमध्ये कोणी आधी काय निवडलं ते जाऊ दे, तो म्हणतोय तसंही असेल. पण रिमोट मी फोडलेला नाही, एवढं मला पक्कं आठवतंय.